डेथ कल्ट आर्मागेडन: ऑर्केस्ट्रा जास्त झाला म्हणतात, मला तर कमी पडला

मी लोणार-मेहकर पट्ट्यातला, शेती करतो आणि मेटल ऐकतो, म्हणजे जड गिटारीचं, जोरात वाजणारं रॉक. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे रात्रीची पाळी आलीच, थ्री फेज रात्री येते, मग मोटर चालू करायची, स्प्रिंकलरचे पाइप जोडायचे आणि तीन तास वावरातच बसायचं, कारण तीन तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यावे लागतात आणि मधल्या वेळात रोही (नीलगाय) नाहीतर डुकरांचा कळप घुसला तर एका रात्रीत काय होते ते ज्याच्या वावरात झालं त्यालाच माहीत. ही जागल करता करता दोन हिवाळे मी डिम्मू बोर्गीरचा डेथ कल्ट आर्मागेडन ऐकलाय. अल्बम साधारण ६३ मिनिटांचा, म्हणजे एकदा पाइप मांडले की पुढचे पाइप उचलेपर्यंत जवळजवळ तीनदा होतो. मोजलं नाही, पण शंभरच्या वर वेळा झालाच असंल. आता लिहितो, कारण या अल्बमवर लोकं अजूनही भांडतात आणि मला वाटते दोन्ही पार्ट्या चुकीच्या मुद्द्यावर भांडून राहिल्या आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बँड नॉर्वेचा, १९९३ ला ऑस्लोत सुरू झाला, पण नाव आलं आइसलँडमधून. तिथं मिव्हात्न तलावाजवळ दिम्मुबोर्गीर नावाची जागा आहे, लाव्हा थंड होऊन उभे राहिलेले काळे वेडेवाकडे सुळके, नावाचा अर्थ काळे किल्ले. हे वाचलं तेव्हापासून मला हा बँड जवळचाच वाटायला लागला. आमच्याकडे विहीर खोदताना दहा-पंधरा फुटावर जो काळा पाषाण लागतो आणि मग सुरुंगाशिवाय काम पुढं सरकत नाही तोही लाव्हाच, लोणारचं सरोवर त्याच काळ्या दगडात झालंय. असो.

अल्बम सप्टेंबर २००३ ला न्यूक्लियर ब्लास्ट या रेकॉर्ड कंपनीनं काढला. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये रेकॉर्ड झाला, प्रोड्यूसर फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रोम. ऑर्केस्ट्रा प्रागचा, खरी माणसं बसून वाजवणारा, आणि त्याची मांडणी गाउटे स्टोरोस या नॉर्वेच्या संगीतकारानं केली. बँडमध्ये तेव्हा शाग्राथ गायला, सिलेनोज आणि गाल्डर गिटारवर, वोर्टेक्स बेस आणि साफ गळ्याचं गाणं, मुस्टिस कीबोर्डवर आणि ड्रमवर निकोलस बार्कर, जो आधी क्रेडल ऑफ फिल्थ या दुसऱ्या बँडमध्ये होता. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात तगडी टीम. अकरा गाणी, त्यातली दोन नॉर्वेजियन भाषेत.

आता भांडण काय ते सांगतो. ब्लॅक मेटल म्हणजे वेगवान, किंचाळत्या गळ्याचं मेटल, आणि त्यात ऑर्केस्ट्रा आला की सिम्फोनिक. एक पार्टी म्हणते हा सिम्फोनिक ब्लॅक मेटलचा कळस आहे. दुसरी म्हणते हे ब्लॅक मेटलच नाही, पैशासाठी केलेलं पिक्चरचं म्युझिक आहे, गिटार ऑर्केस्ट्राखाली गाडून टाकली, आवाज इतका चकाचक केला की सगळी भीतीच निघून गेली. आणि हेलबॉय पिक्चरच्या ट्रेलरमध्ये यातलं दुसरं गाणं वाजलं तेव्हापासून तर या दुसऱ्या पार्टीला पुरावाच मिळाला.

माझा चुलतभाऊ या दुसऱ्या पार्टीत आहे. नागपूरला होस्टेलवर राहतो, सुटीत गावाला आला की माझ्यासोबत जागलीला येतो, आणि मेटलमधलं त्याला माझ्यापेक्षा जास्त समजते हे मी मान्य करतो, मला हे सगळं ऐकायची सवय त्यानंच लावली. त्याचा देव म्हणजे डार्कथ्रोन या नॉर्वेच्याच बँडचा १९९४ चा ट्रान्सिल्व्हेनियन हंगर. तो अल्बम घरीच चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड केलेला, सगळी वाद्यं एकाच माणसानं वाजवलेली, गिटारचा आवाज असा की जसा जुन्या रेडिओत खरखर करणाऱ्या स्टेशनवर कोणी एकच ओळ घासत बसलंय. आणि तो अल्बम भारी आहेच, त्यात वाद नाही. रात्री दोन वाजता धुक्यात ऐकला की अंगावर काटा येते.

भाऊ म्हणते, "दादा, ब्लॅक मेटल म्हंजे थंडी पाहिजे, एकटेपना पाहिजे. इथं तं पन्नास लोकं सूट घालून बसले हायेत, एकटेपना कुठून येईन?"

बोलणं चुकीचं नाही त्याचं. पण मी त्याला म्हटलं की बाबा मग नॉर्वेच्याच एम्परर बँडला कुठं ठेवशील? त्यांचा इन द नाइटसाइड एक्लिप्स पण १९९४ चाच, बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये रेकॉर्ड झालेला, आणि त्यात पहिल्यापासून कीबोर्ड आहे, ढगासारखा पसरलेला. म्हणजे कच्चं आणि भरलेलं दोन्ही एकाच वेळी, एकाच देशात जन्मलं. एक खरं आणि दुसरं नंतर बिघडलेलं असं काही झालेलं नाही. डिम्मूचंच बघा ना, १९९६ च्या स्टॉर्मब्लोस्टमध्ये सुद्धा कीबोर्ड आणि पियानो आहेच की, फक्त आवाज बारीक आणि रेकॉर्डिंग गरिबीतलं. मग १९९७ चा एन्थ्रोन डार्कनेस ट्रायम्फंट आला आणि आवाज मोठा झाला, २००१ च्या अल्बममध्ये पहिल्यांदा खरे व्हायोलिनवाले बसवले आणि २००३ ला थेट प्रागचा ऑर्केस्ट्रा. एका सरळ रेषेत चाललेली गोष्ट आहे ही. मधीच कोणी उडी मारून पैशामागं गेलं असं मला तरी दिसत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायची आहे. पहिला पूर्ण हिवाळा मी हा अल्बम एका कानानं ऐकला. जागलीत दोन्ही कान बंद करून चालत नाही, डुकराची चाहूल घ्यावी लागते, मग डावा हेडफोन कानात आणि उजवा गळ्यात. आणि तेव्हा मला पण भावासारखंच वाटायचं, की सगळं एकात एक कालवलंय, गिटार कुठं गेली कळत नाही, ड्रमचा नुसता टिकटिकाट. नंतर भाऊ सुटीत आला, तो बॅटरी घेऊन धुऱ्यानं (बांधानं) फिरत होता आणि मी दोन्ही कानात घालून निवांत मचाणावर बसलो, तेव्हा समजलं की दोन गिटारी दोन बाजूंना आहेत आणि ऑर्केस्ट्रा त्यांच्या मागं खोलवर पसरलेला आहे. जणू वेगळाच अल्बम. मोबाइलच्या स्पीकरवर तर हा ऐकूच नका, खालचे जड सूर त्यातून निघतच नाहीत, नुसतं वरचं किंचाळणं आणि झांजा उरतात. मला वाटते निम्म्या लोकांनी असाच ऐकून मत बनवलंय.

दुसरं गाणं, प्रोजेनीज ऑफ द ग्रेट अपॉकलिप्स. अल्बम यानंच ओळखला जाते आणि बरोबरच आहे. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा एकटाच ती मुख्य चाल मांडते, पितळी वाद्यं, खाली व्हायोलिनं, आणि मग तीच चाल गिटार-ड्रमसकट परत येते. म्हणजे जे ओळखीचं झालं तेच आता दहापट वजनानं अंगावर येते. इथं ऑर्केस्ट्रा सजावट नाही, गाण्याचा कणाच तो आहे, काढून घेतला तर गाणं उरत नाही. मधी वोर्टेक्सचा साफ उंच आवाज येते, तेव्हा तर असं वाटते की अंधारात कोणी एकदम टेंभा पेटवला. इमॉर्टल बँडचा गायक अबाथ पण या गाण्यात पाहुणा म्हणून आहे, त्याचा तो बेडकासारखा घोगरा आवाज शाग्राथच्या बाजूला लगेच ओळखू येते.

हे गाणं मी आमच्या गावातल्या बँड पार्टीच्या कॅसिओवाल्याला ऐकवलं. माणूस वरातीत वाजवते, नोटेशन वगैरे काही शिकलेला नाही, पण कान असा की एकदा ऐकलेली चाल कॅसिओवर उतरवतेच. त्यानं तीनदा ऐकलं, चौथ्यांदा डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणे, "भाऊ, वरडनं मले नाही समजत, पन मांगचं काम लय अवघड हाय. आमी बारा जनं असतो तं एका ठोक्यावर आनता आनता घाम फुटते. इथं किती लोकं हायेत अन् कोनी कोनाच्या अंगावर पडून नाही राह्यलं." पंधरा दिवसांनी एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसायच्या आधी त्यानं तीच चाल कॅसिओवर वाजवली, खाली ढोलताशा, आणि मी तिथं उभा होतो, खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं माझ्या. नॉर्वेच्या पोरांनी बांधलेली चाल आणि आमच्या गावच्या मारुतीच्या पारापुढं वाजून राहिली. लोकांना काहीच वेगळं वाटलं नाही, चांगली एंट्री झाली म्हणाले.

त्यानंतर कॅसिओवाला जे बोलला ते माझ्या डोक्यात बसलं. तो म्हणे, बाकीच्या गाण्यात यांनी मांगच्या लोकांले कामच नाही देल्लं. मी म्हटलं कसं काय, सगळे तर म्हणतात ऑर्केस्ट्रा जास्त झाला. तर तो म्हणे सारखं वाजनं म्हंजे काम करनं नाही.

हे कानात ठेवून मी अल्बम परत सुरुवातीपासून ऐकला आणि मला पटलं. प्रोजेनीज, नववं गाणं इरॅडिकेशन इन्स्टिंक्ट्स डिफाइन्ड, सहावं ब्लड हंगर डॉक्ट्रिन आणि शेवटचं हेवनली परव्हर्स, या चार गाण्यांत ऑर्केस्ट्राला बोलायला जागा आहे. बाकी ठिकाणी तो गिटारच्या मागं रंगासारखा लावलाय, गिटार जे करते तेच मोठं करून दाखवायचं, आणि तेही इतक्या वेगात की व्हायोलिनचा सूर पूर्ण निघायच्या आतच पुढचा ठोका पडते. म्हणजे तक्रार ऑर्केस्ट्रा जास्त झाला ही नसून त्याला मोकळं कमी सोडलं ही पाहिजे.

आमच्याकडं गुरुदेव सेवा मंडळाचं खंजिरी भजन असते, लहानपणापासून ऐकतोय, त्यात पहिलं कडवं एकदम संथ चालते, खंजिरी नुसती टिकटिक करत राहते, मग हळूहळू लय चढते, टाळ वाढतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळे मिळून असं काही उचलतात की मांडीवर हात आपोआप पडते. तो चढ चढायला वीस मिनिटं दिलेली असतात म्हणून ते दोन मिनिटं लागतात. डेथ कल्टमध्ये फॉर द वर्ल्ड टू डिक्टेट अवर डेथ आणि कॅटक्लिझम चिल्ड्रन ही गाणी सुरूच शिखरावरून होतात. निकोलस बार्करचे हातपाय अचाट आहेत, इतक्या वेगात इतका साफ वाजवणारा मी दुसरा ऐकला नाही, पण चढ नसला की उंची समजत नाही. लेपर्स अमंग अस पण मला तसंच वाटते, ते आलं की मी पुढं ढकलतो.

इरॅडिकेशनबद्दल मात्र थांबून सांगायचं आहे. सात मिनिटांच्या वर आहे. सुरुवातीला बराच वेळ फक्त ऑर्केस्ट्रा, आणि तो हळूहळू येते, लांबून कुठून तरी मोठी फौज चालत येत आहे पण अजून दिसत नाही असं. रात्री वावरात ऐकताना त्या भागात मी दर वेळी मान वर करून धुऱ्याकडं बघतो. मग बँड उतरते आणि मजा म्हणजे ऑर्केस्ट्रा बाजूला होत नाही, दोघं एकमेकांना जागा देत चालतात, एक बोलला की दुसरा थांबते. हे जर अकराही गाण्यांत केलं असतं तर हा अल्बम ब्लॅक मेटलच्या बाहेरच्या लोकांनीही डोक्यावर घेतला असता. मुस्टिस आणि स्टोरोस या दोन माणसांचं नाव मला इथं आदरानं घ्यावंसं वाटते. लोकं गिटार आणि मेकअपवाले चेहरे लक्षात ठेवतात, पण या गाण्याची हाडं यांनी बसवली आहेत.

नॉर्वेजियनमधली दोन्ही गाणी, चौथं व्रेडेसबिर्ड आणि सातवं अलेहेल्गेन्स, मला शब्द एक कळत नाही आणि तरी आवडतात. शाग्राथचा घसा आपल्या भाषेत जास्त मोकळा वाटते, शब्द तोडून तोडून चावल्यासारखे येतात. विशेषतः व्रेडेसबिर्ड, त्याची गिटार सरळ मानेला धरते. भाऊ पण या दोन गाण्यांवर काही बोलत नाही, गप्प ऐकते.

आवाजाबद्दलची तक्रार मात्र मी मान्य करतो. सगळंच्या सगळं जोरात आहे. हळू जागा पण जोरात, जोरात जागा पण तेवढ्याच जोरात. ड्रमचा पायाचा आवाज कातड्यासारखा न वाटता टाइपरायटरसारखा वाटते. तासभर सलग ऐकलं की कान थकतात, आणि दहाव्या गाण्यापर्यंत, जे जवळपास नऊ मिनिटांचं आहे, माझं लक्ष हमखास पाइपांकडं जाते. ते गाणं वाईट नाही, त्यातली मधली रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, चांगली आहे, पण त्याच्या आधी इरॅडिकेशन येऊन गेलेलं असते आणि त्यानंतर इतकं लांब ऐकायची ताकद उरत नाही. क्रम चुकला. अल्बम पंधरा मिनिटांनी छोटा असता तर मी पाचपैकी पाच दिले असते.

आमच्या आईचं मत पण लिहितो, कारण तिनं एका वाक्यात विचारलं ते बऱ्याच जणांच्या मनात असते. चहा करता करता तिनं ऐकलं आणि म्हणे, "काय लावलं रे बाबू हे? हा मानूस एवढा कावून वरडून राह्यला, कोनावर रागावला हाय?" मी तिला सांगितलं की यांच्या देशात चर्च म्हणजे सरकारी धर्म होता, अगदी २०१२ ला राज्यघटना बदलेपर्यंत, आणि या बँडवाल्यांचा राग त्या धर्मावर आहे. या अल्बमचा विषय तर माणसानंच जग संपवायचा आहे, युद्ध, राख, सगळा नाश. आई म्हणे मंग बराबर हाय, अशा गोष्टी गोड आवाजात कशा सांगनार. मी रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसणारा माणूस आहे. देवाविरुद्धचं यांचं बोलणं मला पटत नाही, ते त्यांचं भांडण त्यांच्या गावचं, पण राग खरा असला की तो दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देवाबद्दल असला तरी पोचते. ज्या वर्षी सोयाबीन काढणीच्या टायमाला पावसात भिजून गंजीतच उगवली त्या वर्षी मला हा आवाज भजनापेक्षा जास्त कामी आला, हे मी कोणापुढंही सांगायला तयार आहे.

ज्यांना वाटते ऑर्केस्ट्रानं घात केला त्यांनी याच बँडचा २०१० चा अब्राहाडाब्रा ऐकावा. मुस्टिस आणि वोर्टेक्स २००९ लाच बाहेर पडले होते, आणि त्या अल्बमला नॉर्वेच्या रेडिओचा ऑर्केस्ट्रा शिवाय वेगळा गायकवृंद, म्हणजे सामान डबल. पण मला ते ऐकून मोठ्या मंडपात कमी पाहुणे आल्यासारखं वाटलं. ऑर्केस्ट्रा आणि बँड दोन वेगळ्या खोल्यांत वाजतात. डेथ कल्टमध्ये निदान चार गाण्यांत ते एका ताटात जेवतात. त्यामुळं डिम्मूचा ऑर्केस्ट्रावाला अल्बम कोणता घ्यावा म्हणाल तर हाच, आणि कच्चा पाहिजे तर स्टॉर्मब्लोस्ट, पण १९९६ चाच, २००५ ला त्यांनी परत रेकॉर्ड केला तो नाही, त्यात थंडी राहिली नाही.

पाचपैकी चार. हा एक कमी झाला तो लांबीमुळं आणि त्या सपाट जोरामुळं.

भाऊ अजून दोन देते. मागच्या सुटीत मी त्याला फक्त नववं गाणं दोन्ही कानात लावून दिलं आणि बॅटरी घेऊन धुऱ्यानं गेलो, परत आलो तर तो म्हणे, "पहिले दोन मिनिटं ठेव, बाकी काढून टाक." आणि कॅसिओवाला म्हणते पुढचंच ठेवायला पाहिजे, कारण सुरुवात कोणीही करते, निभवणं अवघड. दोघांचं यावर अजून मिटलेलं नाही, आता पोळ्याला समोरासमोर बसणार आहेत.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी एकपासून सुरू करू नका. आधी नऊ, मग दोन, मग चार, मग सहा. वायरवाला साधा हेडफोन चालते, पण दोन्ही कानात घाला, आणि आवाज निम्म्यावर ठेवा, हा अल्बम आधीच जोरात आहे. थंडीत ऐका. वावर असंल तर वावरात.